पाळकसाहेबांपासून मॉडरेटरपर्यंत: सीएनआयमध्ये कोण काय बघतं, नव्या कमिटी मेंबरसाठी

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे आपल्या सीएनआयमध्ये नव्याने पास्टोरेट कमिटीवर (एका पाळकाच्या देखरेखीखालच्या मंडळ्यांची कमिटी) निवडून आलेल्यांसाठी, किंवा लग्न करून, बदली होऊन सीएनआयच्या मंडळीत आलेल्यांसाठी हे लिहितोय. मी आधी पास्टोरेटचा सेक्रेटरी होतो, मग डायोसिस (धर्मप्रांत) कौन्सिलवर गेलो, आणि एकदा सिनॉडला, म्हणजे सगळ्या डायोसिसच्या मिळून सभेला, प्रतिनिधी म्हणूनही जाऊन आलो. सुरुवातीला मला पाळकाच्या वर बिशप आणि बिशपच्या वर मॉडरेटर (सिनॉडचे अध्यक्ष) एवढंच माहीत होतं, आणि तेवढ्याच माहितीवर मी एक मोठी चूक केली.

झालं असं की आमच्या पाळकसाहेबांची बदली आली. मंडळी नाराज होती, लोक रडत होते, मग मी सेक्रेटरी म्हणून पुढाकार घेतला, घरोघरी जाऊन सह्या गोळा केल्या आणि अर्ज थेट दिल्लीला मॉडरेटर साहेबांच्या नावाने पाठवला. वाटलं सगळ्यात मोठ्या माणसाला सांगितलं म्हणजे काम होणार. तीन महिन्यांनी तो अर्ज फिरून आमच्याच बिशप ऑफिसमध्ये आला, कारण पाळकाची बदली हा विषय दिल्लीचा नसतोच. तोपर्यंत नवे पाळक बायकामुलांसह पार्सोनेजमध्ये (चर्चने पाळकाला दिलेल्या घरात) राहायला आले होते. ज्या मंडळीने आपण येऊ नये म्हणून सह्या केल्या त्याच मंडळीपुढे त्यांना दर रविवारी उभं राहावं लागलं, आणि जुन्या पाळकांवर विनाकारण संशय आला की यांनीच लोकांना भडकवलं. दोन भल्या माणसांना माझ्या अज्ञानाचा त्रास झाला. ते मला अजून लागतं, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

१. आधी आपली मंडळी मुळात कुठली ते शोधा

सीएनआय २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये स्थापन झाली. सहा चर्चेस एकत्र आल्या: अँग्लिकन (तिचं तेव्हाचं नाव चर्च ऑफ इंडिया, पाकिस्तान, बर्मा अँड सिलोन), युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन कॉन्फरन्सचे मेथडिस्ट, उत्तर भारतातल्या बाप्टिस्ट चर्चेसची कौन्सिल, चर्च ऑफ द ब्रेदरन आणि डिसायपल्स ऑफ क्राइस्ट.

हा इतिहास कशाला असं वाटेल, पण रोजच्या कामात तो पावलोपावली आडवा येतो. अहमदनगरकडच्या (आता अहिल्यानगर) बऱ्याच मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरेच्या, तिथे निर्णय मंडळीची सभा घ्यायची. कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन, तिथे वडीलजनांची पद्धत, म्हणजे मंडळीतून निवडलेले वडील कारभार बघायचे. हे दोन्ही प्रवाह १९२४ साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आले आणि तिथून सीएनआयमध्ये. यांच्याकडे बिशप ही भानगडच नव्हती. उलट नाशिकच्या शरणपूरकडचं काम चर्च मिशनरी सोसायटीचं, म्हणजे अँग्लिकन, तिथे बिशप पहिल्यापासून. त्यामुळे आजही एकाच डायोसिसच्या मीटिंगमध्ये एक आजोबा उठून म्हणतात "मंडळीला विचारल्याशिवाय कसं ठरवलं?" आणि दुसरे म्हणतात "बिशप साहेबांनी सांगितलंय ना, मग झालं." दोघंही आपापल्या आजोबांच्या चर्चची भाषा बोलत असतात. हे एकदा लक्षात आलं की अर्धी भांडणं तुम्ही शांतपणे ऐकू शकता.

इथे एक घोटाळा नेहमी होतो, नावावरून ठरवू नका. अमेरिकन मूळ असलेली मेथडिस्ट चर्च युनियनच्या, म्हणजे १९७० च्या त्या एकत्र येण्याच्या, बोलण्यांमध्ये होती पण शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली, आणि १९८१ पासून ती मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून वेगळी आहे, तिचे बिशप वेगळे. म्हणजे एखादं चर्च मेथडिस्ट म्हणून ओळखलं जातं तर ते सीएनआयचं असेल किंवा नसेलही. बाप्टिस्ट आणि ब्रेदरन नावांचंही तसंच, सगळे काही आत आले नाहीत. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) तर पूर्ण वेगळी. आणि दक्षिणेतली सीएसआय, म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडिया, ही आपली बहीण चर्च, २७ सप्टेंबर १९४७ ला मद्रासला झालेली, पण तिचा सिनॉड वेगळा आणि मॉडरेटरही वेगळा.

२. चार पायऱ्या पाठ करा

मंडळी, पास्टोरेट, डायोसिस, सिनॉड. बस्स, एवढंच.

मंडळी म्हणजे रविवारी एकत्र उपासना करणारे लोक. पास्टोरेट म्हणजे एक किंवा जास्त मंडळ्या मिळून एका पाळकाच्या देखरेखीखालचं क्षेत्र, खेड्यांकडे एका पास्टोरेटमध्ये पाच-सहा वाड्यांच्या मंडळ्याही असतात. डायोसिस म्हणजे धर्मप्रांत, ती बिशप साहेबांच्या देखरेखीखाली. आपल्या महाराष्ट्रात मुंबई, नाशिक, पुणे, कोल्हापूर, मराठवाडा आणि नागपूर अशा डायोसिस आहेत. आणि सगळ्या डायोसिस मिळून सिनॉड, त्याचं ऑफिस नवी दिल्लीला पंडित पंत मार्गावर.

आता यातली मुख्य गोष्ट. पास्टोरेटपासून वर प्रत्येक पायरीवर एक अध्यक्ष आहे आणि एक सभा आहे. पास्टोरेट कमिटीचे अध्यक्ष पाळकसाहेब, डायोसिस कौन्सिलचे अध्यक्ष बिशप, सिनॉडचे अध्यक्ष मॉडरेटर. पण तिन्ही ठिकाणी सभेत आपल्यासारखे साधे सभासदही बसतात, म्हणजे शिक्षक, नर्स, शेतकरी, रिटायर्ड क्लार्क, आणि आपलं मत मोजलं जातं. आपल्याकडे नेतृत्व म्हटलं की लोक फक्त खुर्चीवरचा माणूस बघतात, खुर्चीसमोरची सभा बघत नाहीत. युनियनच्या वेळी बिशपपद घेताना शब्दच असे ठरले की ते ऐतिहासिक असेल आणि घटनात्मक असेल. ऐतिहासिक म्हणजे प्राचीन चर्चपासून चालत आलेलं, घटनात्मक म्हणजे नियमात आणि सभेत बांधलेलं. ज्यांच्या वाडवडिलांनी कधी बिशप बघितला नव्हता ते लोक याच अटीवर तयार झाले. म्हणून कमिटीवर आलात की गप्प बसून सही करणं हे तुमचं काम नाही, विचारणं हे काम आहे, अर्थात नम्रपणे.

३. पाळक, बिशप, मॉडरेटर: कोण कुणाच्या वर

दीक्षित सेवेच्या, म्हणजे दीक्षा घेतलेल्या सेवकांच्या, पायऱ्या तीनच: डीकन, प्रेस्बिटर, बिशप. आपण ज्यांना पाळकसाहेब म्हणतो ते बहुतेक वेळा प्रेस्बिटर असतात. डीकनची दीक्षा ही आधीची पायरी. प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षारसाचा) विधी प्रेस्बिटर किंवा बिशप चालवतात, डीकन मदत करतात. नवीन माणूस आला की पहिल्या महिन्यात प्रभुभोजन का घेतलं नाही म्हणून लोक कुजबुजतात, तर आधी बघा की ते अजून डीकन आहेत का.

दीक्षा बिशपांच्या हातून होते. युनियनच्या दिवशी हा प्रश्न फार अवघड होता, कारण काहींची दीक्षा बिशपच्या हातून झालेली आणि काहींची नाही. सीएसआयने १९४७ ला असं केलं की जे सेवक आहेत ते आहेत तसेच स्वीकारले आणि पुढच्या दीक्षा बिशपांकडून. नागपूरला १९७० मध्ये वेगळा मार्ग घेतला, सगळ्या परंपरांच्या सेवकांनी एकमेकांवर हात ठेवून प्रार्थना केली आणि तिथून पुढे सगळे एकच सेवक. मला ही गोष्ट वाचून फार बरं वाटलं होतं, कुणी कुणाला तू कमी असं म्हटलं नाही. तर आज आपल्याकडे जुना अँग्लिकन पाळक आणि जुना बाप्टिस्ट पाळक असा भेद करायला जागाच नाही. बाप्तिस्म्याचंही तसंच, बालकांचा आणि विश्वास कबूल केलेल्या मोठ्यांचा, दोन्ही पद्धती सीएनआयमध्ये मान्य आहेत.

मॉडरेटर म्हणजे आर्चबिशप नाही. ही चौथी दीक्षा नाही. ते एका डायोसिसचे बिशपच असतात, सिनॉड त्यांना बिशपांमधून निवडतं आणि ते आपली डायोसिस सांभाळून हे काम करतात, म्हणजे बरोबरीच्या लोकांमधले पहिले. पहिले मॉडरेटर बिशप एरिक नासिर, ते दिल्लीचे बिशप होते. दुसऱ्या डायोसिसच्या रोजच्या कारभारात मॉडरेटर साहेब हात घालत नाहीत. अपवाद म्हणजे एखाद्या डायोसिसचं बिशपपद रिकामं झालं तर तिथे तात्पुरता कारभार बघायला मॉडरेटरकडून कमिसरी नेमले जातात, बहुतेक वेळा शेजारच्या डायोसिसचे बिशप. तुमच्या पत्रावर "मॉडरेटर्स कमिसरी" अशी सही आली तर घाबरू नका, नवीन बिशप येईपर्यंतची ती व्यवस्था आहे.

कॅथलिक घरातून आलेल्यांसाठी एक ओळ: तिकडे बिशपची नेमणूक पोप करतात आणि देशभरातले बिशप १९४४ पासून आपल्या परिषदेत एकत्र बसतात. आपल्याकडे वर रोम नाही, आणि सिनॉडमध्ये बिशपांबरोबर पाळक आणि साधे सभासदही मत देतात. सून म्हणून आलेल्या मुलींना हे कुणीतरी नीट समजावून सांगा, त्या बिचाऱ्या विचारायला लाजतात.

४. बिशप कसे होतात

थोडक्यात, डायोसिस कौन्सिल मतदान करून नावांचं पॅनल देतं आणि शेवटची नेमणूक सिनॉडच्या पातळीवर होते. म्हणजे डायोसिसला आपला माणूस सुचवता येतो पण एकट्याने ठरवता येत नाही, आणि दिल्लीलाही हवेतून कुणी आणून बसवता येत नाही. मग अभिषेकाच्या दिवशी किमान तीन बिशप हात ठेवतात, ही प्रथा सन ३२५ च्या निकाया परिषदेपासून चालत आलेली.

सावध कुठे राहायचं ते सांगतो. या काळात जात, तालुका, जुनं मिशन यावरून गट पडतात. फोन येतात, जेवणाची बोलावणी येतात. तुम्ही कौन्सिलचे मेंबर असाल तर कुणालाही शब्द देऊ नका. प्रार्थना करा, उमेदवाराने ज्या पास्टोरेटमध्ये काम केलं तिथल्या आजारी माणसाला किंवा विधवेला जाऊन विचारा की साहेब घरी यायचे का. मी असं विचारलं होतं आणि माझं मत तिथेच ठरलं.

५. सिनॉड काय करतं

सिनॉड साधारण तीन वर्षांनी भरतं. सेवेत असलेले सगळे बिशप, आणि प्रत्येक डायोसिसचे पाळक व ले (साधे सभासद) प्रतिनिधी, त्यात स्त्रिया आणि तरुणही. मॉडरेटर, डेप्युटी मॉडरेटर, जनरल सेक्रेटरी आणि ट्रेझरर हे मुख्य अधिकारी. मधल्या काळात एक्झिक्युटिव्ह कमिटी काम चालवते.

श्रद्धा, उपासनेचे नमुने, घटना आणि बायलॉज, बिशपांची नेमणूक, इतर चर्चेसशी संबंध हे सिनॉडचे विषय. सीएनआय अँग्लिकन कम्युनियनमध्येही आहे, जागतिक मेथडिस्ट कौन्सिलमध्येही आणि रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघटनेतही, ही नाती सिनॉड सांभाळतं. पाळकाची बदली, पार्सोनेजचं गळणारं छप्पर, क्वायरमधलं भांडण, कब्रस्तानातली जागा हे सिनॉडचे विषय नाहीत.

६. ही कागदपत्रं जवळ ठेवा

एक जाड फाईल घ्या आणि त्यात:

- बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे (मंडळीपुढे स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीचे) दाखले, स्वतःचे आणि घरच्यांचे
- आधीच्या मंडळीचं सभासदत्वाचं पत्र, बदली होऊन आला असाल तर
- मंडळीच्या रजिस्टरमधली तुमच्या नावाची नोंद आणि वर्गणीच्या पावत्या
- पास्टोरेट कमिटीच्या ठरावांच्या सही-शिक्क्याच्या प्रती
- मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब
- डायोसिसला भरलेल्या असेसमेंटच्या पावत्या
- सीएनआयची घटना आणि बायलॉज, आणि तुमच्या डायोसिसची घटना वेगळी, दोन्ही मागून घ्या

रजिस्टरची गोष्ट हलकी घेऊ नका. आमच्याकडे चाळीस वर्षं चर्चमध्ये येणाऱ्या एका काकूंचं नावच मतदार यादीत नव्हतं, कारण त्यांचं दृढीकरण दुसऱ्या गावी झालं होतं आणि ते पत्र कुणी आणलंच नाही. मतदानाच्या दिवशी त्या दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. यादी लागते तेव्हाच जाऊन बघा, शेजारच्या म्हाताऱ्यांचीही नावं बघा.

असेसमेंट म्हणजे पास्टोरेटने डायोसिसला द्यायची ठरलेली वार्षिक रक्कम. हे थकलं की डायोसिसच्या मीटिंगमध्ये तुमची मान खाली जाते आणि तुमच्या मागणीकडे कुणी लक्ष देत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच पैशातून लहान, गरीब पास्टोरेटच्या पाळकांचा पगार निघतो, म्हणून ते आधी भरा, मंडप आणि लायटिंग नंतर.

७. अर्ज किंवा तक्रार कशी न्यायची

आधी पाळकसाहेबांना भेटा, एकटे, त्यांच्या घरी, शांतपणे. अर्धे विषय तिथे चहावर मिटतात. नाही मिटला तर विषय पास्टोरेट कमिटीच्या अजेंड्यावर घ्या, लेखी द्या, ठराव करून घ्या, ठराव तुमच्या विरुद्ध गेला तरी त्याची प्रत घ्या. मग बिशप ऑफिसला पत्र, पाळकसाहेबांमार्फत. "मार्फत" हा शब्द विसरू नका, तो नसला की ऑफिस पहिल्यांदा हेच विचारतं की पाळकांना माहीत आहे का. तक्रार पाळकांविरुद्धच असेल तर थेट बिशपांना लिहा पण एक प्रत पाळकांना द्या, पाठीमागून काही करू नका. डायोसिसच्या पातळीवर सगळे मार्ग संपले आणि विषय घटनेचा असेल तरच सिनॉडकडे, जनरल सेक्रेटरींच्या ऑफिसला, सगळ्या ठरावांच्या प्रती जोडून.

पत्र एका पानाचं ठेवा. तारीख, काय घडलं, कुठला ठराव, काय हवंय. वचनं दोनपेक्षा जास्त लिहू नका, बिशप साहेबांना बायबल माहीत असतं. आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधी टाकून मग अर्ज करायचा हा प्रकार तर अजिबात नको, त्यानंतर कुणालाच माघार घेता येत नाही.

बदलीबद्दल परत सांगतो. पाळक हे मंडळीचे नोकर नसतात, त्यांची नेमणूक डायोसिसची असते आणि ठराविक वर्षांनी बदली होणारच. मुलांच्या दहावी-बारावीचं वर्ष असेल, घरात आजारपण असेल तर मंडळीने आधीच, बदल्यांची यादी निघायच्या आधी, कमिटीच्या ठरावाने कळवावं. यादी निघाल्यावर सह्या गोळा केल्या की काय होतं ते वर सांगितलंच आहे.

८. जमीन आणि इमारतीचा विषय वेगळा आहे

यात मोठमोठी माणसं फसली आहेत. उपासनेचा कारभार एका बाजूने चालतो आणि मालमत्ता ट्रस्टच्या नावावर असते: काही ठिकाणी सीएनआय ट्रस्ट असोसिएशन, काही ठिकाणी डायोसिसचा जुना ट्रस्ट, काही ठिकाणी मिशनच्या काळातला ट्रस्ट अजून तसाच. बिशप किंवा पाळक "हो" म्हणाले म्हणून जागा विकता येत नाही. महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक ट्रस्ट कायदा लागू आहे, त्याच्या कलम ३६ प्रमाणे विक्री, अदलाबदल, बक्षीस किंवा लांब मुदतीचा भाडेपट्टा यासाठी चॅरिटी कमिशनरची परवानगी आधी लागते. विश्वस्त बदलले की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, आणि हा चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं राहून जातो, मग कोर्टात आपल्याला उभंच राहता येत नाही.

१९७० च्या युनियनने जुन्या मालमत्ता आपोआप सीएनआयच्या झाल्या का हा प्रश्न गुजरातमधल्या ब्रेदरन मंडळ्यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, २००५ आणि २०१३ चे निकाल आहेत, आणि २०१३ च्या निकालात कोर्टाने नुसत्या ठरावाने जुना ट्रस्ट विलीन झाला हे मानलं नाही. म्हणून तुमच्या चर्चच्या ट्रस्टचा शेड्यूल एकचा उतारा (चॅरिटी कमिशनरकडच्या नोंदवहीतला) काढा, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डवर कुणाचं नाव आहे बघा, आणि वकील स्वतःच्या मंडळीतला नसलेला घ्या.

९. प्रतिनिधी म्हणून निवडून आलात तर

डायोसिस कौन्सिलला जाताना अजेंडा आणि मागच्या सभेचे मिनिट्स आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी वाचा. हिशोबाचं पान आधी उघडा. प्रश्न विचारायचा तर पान नंबर सांगून विचारा, "लोक म्हणतात" असं म्हणून नको.

सिनॉडला गेलात तर भाषेची तयारी ठेवा, बरंचसं काम इंग्रजीत चालतं, थोडं हिंदीत. मला पहिल्या दिवशी काही समजेना, दुपारी शेजारी बसलेले अंदमानकडचे एक भाऊ म्हणाले मलाही समजत नाहीये, मग आम्ही दोघांनी एका पंजाबच्या ताईंना मध्ये बसवलं आणि त्या हळू आवाजात हिंदीतून सांगत गेल्या. तुमच्या डायोसिसचा एक तरी इंग्रजी चांगलं येणारा मेंबर शेजारी बसेल असं आधीच ठरवून ठेवा, आणि समजलं नाही तर हात वर करून सांगा, न समजता मत देऊ नका.

परत आल्यावर पंधरा दिवसांच्या आत मंडळीला रिपोर्ट द्या, तोही मराठीत. कोण निवडून आलं, काय ठरलं, आपल्या पास्टोरेटला काय करायचंय. मी सिनॉडहून आल्यावर दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर वीस मिनिटं बोललो होतो. संपल्यावर त्या मतदार यादीतल्या काकू पुढे आल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आपल्यातला माणूस पण तिथे बसतो होय?" त्यांचं नाव आता यादीत आहे, आणि यंदा त्या महिला संघाकडून डायोसिस कौन्सिलसाठी उभ्या राहताहेत.